वरच्या वस्तीचा फिरता फोटो

आकाश एका रंगाचं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा चारी दिशांचे फोटो काढून ते एकाला एक जोडून बघावेत. मी बघितले. दोन हजार सालाच्या आगेमागे माझी दोनेक वर्षं त्यात गेली. अजूनही कुणी कॉम्प्युटरवर गुळगुळीत सरकणारा देखावा दाखवून ‘किती छान ना?’ म्हणालं, की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

भोरच्या पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता, अब्बांनी काढलेला. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, मुलगी दाखवायचा उभा फोटो, असली सगळी कामं. अब्बांच्या लेखी फोटो म्हणजे माणूस आणि त्याच्यामागे पडदा. डोंगराचा फोटो काढायचा तर डोंगर काय हलणार आहे, स्वतः जाऊन बघावा, असं त्यांचं म्हणणं. मी रोल धुवायला घेऊन पुण्याला जायचो. एकदा लॅबमध्ये गर्दी होती म्हणून शेजारच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो आणि तिथं कुठल्याशा परदेशी हॉटेलचं पान उघडलं गेलं. त्यातला एक फोटो आपोआप डावीकडे सरकत होता. समुद्र गेला, खुर्च्या गेल्या, झाडं गेली, एक भिंत आली, तिच्यातलं दार आलं आणि परत समुद्र आला. कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते काही केल्या कळेना. माझा रोल तयार होऊन पडला होता आणि मी तिथंच बसून होतो.

तेव्हा पानशेतच्या बाजूला पुणेकरांची शनिवार-रविवारची घरं उठत होती. असा फोटो ती घरं विकणाऱ्यांच्या वेबसाईटला लागेल, आणि तो करून देणारा या पट्ट्यात मी एकटा असेन, असं माझ्या डोक्यात बसलं. ट्रायपॉडच्या डोक्यावर मी कंपासपेटीतला कोनमापक चिकटवला. ठरावीक कोनातून कॅमेरा फिरवायचा, प्रत्येक फोटोत आधीच्याचा थोडा भाग येऊ द्यायचा, प्रिंट स्कॅन करायच्या आणि त्या कॉम्प्युटरवर जोडायच्या. सांगायला हे एवढंच आहे. पहिला प्रयोग पानशेतच्या पाण्याकाठी केला. घरी येऊन जोडला, तर धरणाचं पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत होतं, कारण ट्रायपॉड वाळूत एका बाजूला खचला होता. अब्बांनी मागून बघितलं आणि “पाणी सांडलं की सगळं” एवढं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

आकाशाचं दुखणं मात्र ट्रायपॉडचं नव्हतं. लॅबमधलं मशीन प्रत्येक प्रिंट स्वतंत्रपणे सुधारायचं. हिरवं जास्त दिसलं की त्याला वाटायचं इथं गडबड आहे, आणि ते आकाश जांभळट करायचं. शेजारच्या प्रिंटमध्ये माती जास्त, म्हणून तिथलं आकाश निळंगार. “सुधारू नका, जसंच्या तसं छापा,” असं मी काउंटरवरच्या माणसाला दर वेळी बजावायचो. तो मान डोलवायचा आणि पाकिटातून परत गोधडी निघायची. मी ती गोधडी कॉम्प्युटरवर ठिगळठिगळ करून एका रंगात आणायचो. निम्मं झालं की मशीन हँग व्हायचं. हँग नाही झालं तर लाईट जायची.

या सगळ्याचा साक्षीदार म्हणजे माझा एक मित्र. तो महामार्गावर टेम्पो चालवायचा आणि किकवीला राहायचा. मूळचा वेल्ह्याकडचा, अगदी वरच्या वस्तीवरचा धनगर. तिथं रस्ता जात नाही. खालच्या गावात गाडी लावायची आणि मग चढ. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच बापू म्हणायचो, जन्मभर तिथंच जनावरं राखून राहिले होते. त्या वर्षी एका घसरणीवर पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. वस्तीवरच्या माणसांनी त्यांना झोळीतून खाली आणलं, पुण्यात ऑपरेशन झालं आणि मित्रानं त्यांना किकवीच्या घरी आणून ठेवलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी त्यांची खाट होती. खिडकीबाहेर महामार्ग. दिवसभर ट्रकचे हॉर्न ऐकत बापू एकच वाक्य म्हणत राहायचे, “मला वर न्या.”

“त्येंला आता चढ न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय,” मित्र एकदा स्टुडिओत येऊन बसला आणि म्हणाला. “आन वर कोण हाय त्येंच्यापाशी? आई कवाच गेली. मी हितं. रातीचं पडलं-बिडलं तर? पर ऐकत न्हाईत. जेवत बी न्हाईत धड. तू तो तुजा फिरता फोटू वस्तीचा करून दे. एकदा डोळं भरून बगतील, जीव निवल. मंग ऱ्हातील माज्यापाशी गप.”

फिरता फोटो हा शब्द त्याचाच. मला तोपर्यंत या कामाला मराठीत काय म्हणायचं ते सुचलं नव्हतं. त्याला वडील आपल्याजवळ राहायला हवे होते, बाकी काही नाही. हे त्यानं इतकं सरळ सांगितलं, की मी लगेच हो म्हणालो. पानशेतच्या पुणेकरांसाठी काम करण्यापेक्षा हे बरं, असंही मला वाटलं.

पहिल्यांदा वर गेलो तेव्हा पाऊस सरून महिना झाला असेल. हवा स्वच्छ, तोरण्याचा कडा हात लावावा इतका जवळ. मधल्या अंगणासारख्या मोकळ्या जागेत ट्रायपॉड लावला. भोवतीनं घरं, गोठे, कुडाची कुंपणं. बापूंसाठी फोटो काढायला आलेत म्हटल्यावर सगळी वस्ती जमली. बायकांनी डोईवरचे पदर सारखे केले, एका आजोबांनी पटका बांधून आणला. मी म्हटलं, उभे राहा की, बापूंना बरं वाटेल. माझं सगळं लक्ष कोनमापकावर आणि उजेडावर. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा पुढं फिरवायचा, पातळी बघायची, परत घ्यायचा. लोक शांत होते, शहाण्यासारखे उभे होते. मला तर त्यांचं कौतुक वाटलं.

फोटो आले, स्कॅन झाले, जोडले. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पटकेवाले आजोबा पहिल्या घरापुढं उभे होते. दुसऱ्या घरापुढंही उभे होते. गोठ्यापुढं, कुंपणापुढं, दरीच्या काठावरही तेच. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तीच सगळी मंडळी, त्याच क्रमानं. कॅमेरा जिकडं वळेल तिकडं अख्खी वस्ती माझ्यामागून सरकून पुढं येऊन उभी राहत होती. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं उभं राहणं त्यांना अपमान केल्यासारखं वाटलं असणार. आम्हीच तर त्यांना शिकवलं होतं ते. लग्नात अब्बा ‘इकडं बघा, इकडं या’ म्हणून ओरडत, तेव्हा याच वस्तीची माणसं इकडून तिकडं पळायची. जोडताना तर कहर झाला. दोन फोटोंच्या शिवणीवर एका बाईला तीन हात आले आणि एका शेळीचं मागचं अंग दुसऱ्याच शेळीला लागलं.

मी महिनाभर माणसं पुसत बसलो. पण माणूस पुसला की त्याच्यामागं काय होतं ते कुठून आणणार? त्याच्यामागं घर होतं, आणि ते घर माझ्याकडं नव्हतं. शेवटी मी हात टेकले आणि मित्राला म्हटलं, परत जावं लागेल.

दुसऱ्यांदा मी वर गेलो तो ताडताड सांगतच गेलो. हे बघा, या वेळी कुणीही दिसायचं नाही. माणूस नाही, जनावर नाही, कोंबडं नाही. पटकेवाल्या आजोबांना विशेष बजावलं. ते जरा खट्टू झाले. “मंग बापूला काय दिसनार?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वस्ती दिसेल. घरं, डोंगर, सगळं. माझ्या आवाजातच काहीतरी असेल, कारण सगळे लगेच कामाला लागले. जनावरं पलीकडच्या उतारावर पिटाळली गेली. माणसं घरात गेली. पोरं बाहेर डोकवायला लागली, तेव्हा आतून दारं लावून घेतली गेली, एकामागून एक. एक म्हातारी दार लावायला तयार नव्हती, काहीतरी पुटपुटत उंबऱ्यात उभी होती. “बापूसाटी हाय, चल आत,” म्हणून तिला सुनेनं ओढून घेतलं. सगळीकडं निवांत झालं. वाऱ्याशिवाय काही हलेना. मी पहिल्यांदा शांतपणे पूर्ण फेरी मारली आणि खूश होऊन शीळ घालत खाली उतरलो.

हा फोटो जोडायला हिवाळा गेला. लॅबनं नेहमीप्रमाणे माझी वाट लावली. शेवटच्या फोटोपर्यंत पोहोचेस्तोवर ऊन कललं होतं, त्यामुळं शेवटची कड पहिल्या कडेला मिळेना. एकीकडं सावल्या लांब, दुसरीकडं आखूड. एकाच गोठ्याची डावी भिंत दुपारची आणि उजवी भिंत संध्याकाळची. ती भिंत मी किती वेळा रंगवली असेल ते मलाच ठाऊक. लाईट यायची वेळ बघून मी जेवायची वेळ ठरवायचो. शुक्रवारी नमाजसाठी दुकान बंद असायचं, तेवढ्यात थोडं काम उरकून घेऊ म्हणून मी बसायचो आणि अब्बांची बोलणी खायचो. पण एक दिवस ते जमलं. फोटो सरकायला लागला. घर, घर, गोठा, तोरणा, दरी, कुंपण, घर. शिवण मीच घातली असून ती कुठं आहे ते मला सापडेना. मी अब्बांना बोलावलं. ते चष्मा लावून दोन फेऱ्या बघत राहिले. “कुणी राहत नाही का इथं?” त्यांनी विचारलं. मला इतका राग आला की मी मॉनिटरच बंद केला.

मित्र टेम्पो घेऊन आला. मॉनिटर आणि कॉम्प्युटरचा डबा आम्ही जाजमात गुंडाळले आणि किकवीला नेले. बापूंच्या खाटेसमोर स्टुलावर मॉनिटर ठेवला. मित्राच्या बायकोनं त्यांच्या पाठीला उशा लावल्या. शेजारचे दोघेतिघे आले. मी सुरू केलं.

पहिल्या फेरीला तोरणा आला तेव्हा बापूंनी हात जोडले. मित्रानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. जमलं, असं त्याला म्हणायचं होतं. दुसऱ्या फेरीला बापू पुढं वाकले. तिसऱ्या फेरीला ते मला म्हणाले, “कवा काडलास ह्यो?”

“झाले की दोन-तीन महिने, बापू.”

“दिवसाचा ना?”

“हो, दुपारचा.”

फोटो सरकत होता. मग बापूंनी मुलाकडं बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, “कोण गेलं?”

आम्हाला कळेना. बापूंचा आवाज चढला. “कोण मेलं, त्ये सांगा की! समद्यांची दारं लावल्याती. भर दुपारचं. जनावर बी न्हाई दारात.”

तेव्हा मला समजलं. त्या वस्तीत दिवसाउजेडी दार लावत नाहीत. सगळं घर रानात गेलं तरी दार उघडंच असतं, फार तर आडवी काठी लावतात. सगळ्या घरांची दारं एकदम बंद होतात ती फक्त एकाच वेळी, सगळी वस्ती मयताला जाते तेव्हा. ती म्हातारी उंबऱ्यात काय पुटपुटत होती ते मला किकवीत, त्या मॉनिटरपुढं उभं असताना कळलं. आता यात माझं काय चुकलं? मला कुणी सांगितलं का? दारं लावा म्हणून मी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांनी माझं ऐकायचं म्हणून ऐकलं, आणि जरुरीपेक्षा जास्त ऐकलं.

मी बापूंना समजावलं. माणसं आतच होती, मीच लपायला सांगितलं होतं, सगळी सुखरूप आहेत. मित्रानं गळ्याची शपथ घेतली. त्या शपथेनं ते आणखीच बिघडलं. “आजाऱ्याला मयत सांगत न्हाईत, म्हाईत हाय मला,” बापू म्हणाले. “माजा बाप गेला तवा म्या बी आईला असंच सांगितलं व्हतं.” आणि फोटो आपला फिरतच होता. बंद दार, बंद दार, गोठा, तोरणा, दरी, बंद दार. दर फेरीला ते एकेका घराशी थांबल्यासारखे बघायचे आणि एकेकाचं नाव घेऊन विचारायचे, हा गेला का? ही गेली का? मित्राची बायको रडायला लागली. शेवटी मित्रानं वायरच उपटली.

त्यानंतर बापूंनी जेवण सोडलं. वस्तीवरून दोन माणसं खाली आली, त्यांच्यासमोर उभी राहिली, सगळी ठीक आहेत म्हणाली. तर बापूंनी त्यांना बाकीच्यांचं विचारलं. मी पहिला, माणसांनी भरलेला फोटो आणून दाखवू का म्हटलं, तर मित्र माझ्यावर असा काही खेकसला, की मी तो विषयच काढला नाही. “तुला एकच काम सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “त्येंला हितं रमवायचं. एकच.”

मग झोळी बांधली. ज्या बांबूला बांधून त्यांना खाली आणलं होतं, तसाच बांबू, तशीच घोंगडी. डॉक्टर काय म्हणाले होते ते कुणी काढलंच नाही. चढावर आम्ही पाळीपाळीनं खांदा दिला. मीही दिला. माझा खांदा सोलवटला, आणि खरं सांगतो, त्या चढावर मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. लॅबला, कोनमापकाला, त्या परदेशी हॉटेलला, मित्राला, बापूंनाही.

वर पोहोचलो तर सगळी वस्ती बाहेर उभी. झोळी अंगणात टेकवली. बापू कोपर टेकून उठून बसले आणि त्यांनी एकेक घराला हाक मारली. प्रत्येक घरातून ओ आली. पटकेवाले आजोबा जवळ येऊन बसले, म्हातारी दूध घेऊन आली. बापूंनी ते सगळं प्यायलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “पोरा, फोटू लई झ्याक काडला व्हतास. मला वाटलं समदी गेली.” सगळे हसले. मी हसलो नाही.

ऊन उतरायला लागलं तसा मित्र उठला. “बापू, चला. बगितलं ना समद्यांना? अंधाराच्या आत खाली उतराय पायजे.”

बापूंनी त्याच्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, हट्टही नव्हता. “मला कुठं नेतुयास?” ते म्हणाले. “तू जा. पोरं वाट बगत असतील तुजी. आन येत जा मदनंमदनं.”

येत जा, असं पाहुण्याला म्हणतात. मित्रानं वडिलांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि तसाच उतरायला लागला. मागं बघितलंसुद्धा नाही. मी त्याच्यामागून. किकवी येईपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. मला वाटलं, आता हा माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि मला त्याचा रागही आला. जीव तोडून काम केलं होतं मी. त्या फोटोत एक शिवण शोधून दाखवावी कुणी.

घरी खाट रिकामी होती. कॉम्प्युटर स्टुलावर तसाच पडलेला, मी तो उचलायच्या तयारीला लागलो. मित्रानं माझा हात धरला. वायर त्यानं स्वतःच परत लावली आणि म्हणाला, “चालू कर.”

मी चालू केला. तो खाटेच्या कडेवर बसला. घरं गेली, गोठा गेला, तोरणा गेला, दरी, कुंपण. मग बापूंचं घर आलं, बंद दाराचं. तो पुढं सरकला आणि त्यानं काचेवर त्या दारावर बोट ठेवलं. दार बोटाखालून सरकून गेलं. तो बोट तसंच ठेवून बसला. फेरी पुरी झाली, दार परत आलं आणि परत गेलं.

“थांबव की जरा हितं,” तो म्हणाला.

“थांबत नाही रे ते,” मी म्हटलं. “मी तसं बनवलंच नाही.”